डीडी फ्री डिश: मराठी घराला काय मिळतं, काय मिळत नाही आणि छत्री नीट कशी लावायची

ज्या घरात संध्याकाळी सातला बातम्या लागतात, सुट्टीला क्रिकेट लागतं आणि दुपारी एखादा जुना सिनेमा चालू ठेवून भाजी निवडली जाते, त्या घराला डीडी फ्री डिश पुरते. ज्या घरात रात्री आठ ते साडेदहा एकच वाहिनी आणि तिच्यावरच्या ओळीनं लागणाऱ्या मालिका ठरलेल्या असतात, त्या घराला ती पुरत नाही. निकाल आधीच सांगून टाकतो, कारण या सेवेबद्दलच्या बहुतेक तक्रारी एकतर चुकीच्या अपेक्षेतून येतात किंवा चुकीच्या बसवलेल्या छत्रीतून.

फ्री डिश ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या सरकारी संस्थेची, उपग्रहावरून छत्रीनं वाहिन्या फुकट दाखवणारी सेवा. डिसेंबर २००४ मध्ये ती 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावानं ३३ वाहिन्यांनिशी सुरू झाली. आज ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून सोडला गेला आणि पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर उभा आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे छत्री फिरवताना लागणार आहे. देशात चार कोटींहून जास्त घरं या सेवेवर आहेत असे अंदाज आहेत. त्यातली बरीच घरं अशी आहेत, जिथे गच्चीवरचा जुना अँटेना निकामी झाल्यावर दुसरा पर्याय उरला नव्हता. दूरदर्शननं २०२२ पर्यंत आपली बहुतेक ॲनालॉग क्षेपण केंद्रं बंद केली. तेव्हा माळ्यावरचा ॲल्युमिनियमचा अँटेना पुन्हा वर चढवण्यात काही अर्थ नाही.

पैशांचा हिशोब सरळ आहे. केबल किंवा खासगी डीटीएचवर २०१९ पासून नुसत्या जोडणीचं शुल्क १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे असं ठरलेलं होतं. सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्याच्यावर वेगळे. दूरसंचार नियामक ट्रायनं २०२४ मध्ये ही मर्यादा काढली, पण तुलनेला आकडा हाच धरू. एकही सशुल्क वाहिनी न घेता वर्षाला १,८४० रुपये जातात. फ्री डिशला बॉक्स, छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरची, सिग्नल पकडणारी छोटी डबी), केबल आणि बसवणावळ मिळून गावा-दुकानानुसार दीड ते अडीच हजार लागतात, तेही एकदाच. वर्ष-सव्वा वर्षात पैसे वसूल होतात. या सेवेला कार्ड नाही, रिचार्ज नाही, नोंदणी नाही आणि 'ॲक्टिव्हेशन' नावाचा प्रकारही नाही. कुणी फोन करून फ्री डिश चालू ठेवण्यासाठी पैसे मागितले किंवा दुकानदारानं 'आयुष्यभर सगळ्या सशुल्क वाहिन्या फुकट' असा बॉक्स पुढे केला, तर तिथून निघा. पहिला प्रकार फसवणुकीचा, दुसरा चोरीच्या प्रक्षेपणाचा, आणि तो एक दिवस बंद पडतोच. घरातल्या वयस्कर माणसांना हे एकदा नीट बसून सांगा. असे फोन नेमके दुपारी, ती एकटी असताना येतात.

आता दिसतं काय ते पाहू. दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या कायमच्या: सह्याद्री, डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स, डीडी भारती, डीडी किसान आणि इतर राज्यांच्या भाषांतल्या. संसद टीव्हीही आहे. खासगी वाहिन्यांचं तसं नाही. प्रसार भारती जागांचा ई-लिलाव करते, वाहिन्या बोली लावतात आणि साधारण १ एप्रिल ते ३१ मार्च एवढ्या काळासाठी जागा घेतात. म्हणून आज दिसणारी वाहिनी पुढच्या एप्रिलमध्ये असेलच, याची हमी कुणी देऊ शकत नाही. २०१९ मध्ये मोठ्या नेटवर्कांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या इथून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या आणि एप्रिल २०२२ पासून पुन्हा काढल्या. कारण उघड आहे. जे फुकट दिसतं त्यासाठी प्रेक्षक पैसे का मोजेल, ही त्यांची भीती. आणि इथे नसलो तर कोट्यवधी घरांतून जाहिरातीचा प्रेक्षक जातो, ही दुसरी भीती. या दोन भीतींमध्ये फ्री डिशची यादी दरवर्षी हलत राहते.

मराठीपुरतं बोलायचं तर इथेच ही सेवा कमी पडते. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या सशुल्क वाहिन्या, त्या इथे नाहीत. म्हणजे सकाळी लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी किंवा लोकलच्या लेडीज डब्यात ज्या मालिकांवर चर्चा होते, त्यातली एकही इथे बघायला मिळत नाही. बिग बॉसचा मराठी हंगाम नाही, संक्रांतीचे महाएपिसोड नाहीत. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा, झी चित्रमंदिर अशी नावं गेल्या काही वर्षांत यादीत दिसली आहेत. त्यांचा भर सिनेमांवर आणि पुनःप्रक्षेपणावर. जुने विनोदी सिनेमे, गावरान तमाशापट, नव्वदच्या दशकातले कौटुंबिक चित्रपट यांची भूक भागते. नव्या मालिकेची भागत नाही. मोबाइलवर मालिका बघणारी सून आणि टीव्हीवर बघणारी सासू असं घर असेल, तर वांदा सासूचा होणार. तिच्या दोन-तीन मालिका कुठल्या वाहिनीवर लागतात, हे आधी विचारा आणि मगच केबल काढा. केबल काढल्यावर विचारलं तर फार उशीर झालेला असतो.

बातम्यांच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघावं असं बातमीपत्र हवं असेल, तर सह्याद्रीवरचं संध्याकाळचं बातमीपत्र आजही सरस आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हापासूनची शिस्त त्या बातमीपत्रात अजून टिकून आहे: एक बातमी, मग दुसरी, मग जिल्ह्यांतल्या, मग हवामान. पडद्यावर सहा चौकटींत सहा माणसं एकाच वेळी ओरडत नाहीत, खाली तीन पट्ट्या तीन वेगानं धावत नाहीत. पाचवीतलं पोर शेजारी बसलं असेल तर त्यालाही काय घडलं ते कळतं. उणीव एकच आणि ती मोठी आहे. सरकारवर टीका करणारी बातमी इथे एकतर दिसत नाही किंवा फार हळू आवाजात दिसते. सरकारी वाहिनीकडून वेगळी अपेक्षा ठेवूही नये. ती उणीव घरात येणाऱ्या मराठी वर्तमानपत्रानं भरून काढावी. खासगी मराठी वृत्तवाहिन्या लिलावाप्रमाणे येत-जात असतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. अर्थसंकल्पाचं भाषण किंवा अविश्वास ठरावावरची चर्चा मध्ये कुणाची बडबड न येता पूर्ण ऐकायची असेल, तर संसद टीव्ही लावा. आषाढी एकादशीला पहाटे पंढरपूरची शासकीय महापूजा थेट बघण्यासाठी सह्याद्री लावणारी घरं गावोगाव आहेत, आणि त्यासाठी या जोडणीपेक्षा जास्त काही लागत नाही.

क्रिकेटसाठी फ्री डिश घ्यावी की नाही, या प्रश्नामागे एक कायदा आहे आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. २००७ च्या क्रीडा प्रसारण कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्रण हक्कधारक खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. जाहिरातीच्या उत्पन्नाची वाटणी ७५ टक्के हक्कधारकाला आणि २५ टक्के प्रसार भारतीला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हे चित्रण दूरदर्शननं फक्त स्वतःच्या क्षेपण केंद्रांवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरून, म्हणजे फ्री डिशवरून दाखवायचं. केबल आणि खासगी डीटीएचवर ते जाता कामा नये. म्हणूनच भारताचा सामना चालू असताना शेजारच्या केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं तर सामन्याऐवजी सूचनेची पाटी दिसते, आणि फ्री डिशच्या घरात त्याच वाहिनीवर सामना चालू असतो. पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने, ऑलिम्पिक आणि आशियाई स्पर्धा अशा गोष्टी या यादीत येतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य जिंकलं, ते २०२४ चं पॅरिस ऑलिम्पिकही डीडी स्पोर्ट्सवर होतं. आयपीएल मात्र या यादीत नाही. एप्रिल-मेमध्ये घरातल्या पोरांचा आग्रह आयपीएलचाच असेल, तर त्याची सोय मोबाइलच्या पॅकमध्ये वेगळी करावी लागेल.

मुलांच्या अभ्यासासाठी पीएम ई-विद्या आणि स्वयंप्रभा या वाहिन्याही याच छत्रीवर आहेत. टाळेबंदीच्या काळात 'एक इयत्ता, एक वाहिनी' म्हणून १२ वाहिन्यांनी सुरुवात झाली, पुढे संख्या खूप वाढली. खरं सांगायचं तर मूल आपणहून त्या लावून बसत नाही. पण वेळापत्रक पाहून ठरावीक धडा मोठ्यांनी सोबत बसून दाखवला तर उपयोग होतो, विशेषतः इंटरनेट धड नसलेल्या गावात. आणि एक सोय सगळे विसरतात. आकाशवाणीच्या चाळीसच्या वर रेडिओ वाहिन्या याच बॉक्सवर येतात. रिमोटवरचं टीव्ही/रेडिओ बटण दाबा, विविध भारती शोधा आणि स्वयंपाक होईपर्यंत लावून ठेवा. आवाज साध्या ट्रान्झिस्टरपेक्षा स्वच्छ असतो आणि खरखर शून्य.

बॉक्स घेताना फक्त एक गोष्ट पक्की करा: तो एमपेग-४ चा, म्हणजे चित्र आवळून पाठवण्याच्या नव्या पद्धतीचा हवा. दुकानात एमपेग-२ चा बॉक्स अजून मिळतो आणि दोन-चारशे रुपयांनी स्वस्त असतो, पण त्यावर निम्मा-अर्धा खजिना दिसतच नाही. फ्री डिशच्या वाहिन्या दोन्ही पद्धतींनी प्रसारित होतात. एमपेग-४ बॉक्स दोन्ही वाचतो, एमपेग-२ फक्त जुन्या. डीडी नॅशनल आणि डीडी न्यूजचं एचडी रूप एमपेग-४ वरच मिळतं. शिवाय एमपेग-२ बॉक्सला बहुधा लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचीच जोडणी असते, आणि ४३ इंची टीव्हीवर तिचं चित्र धुरकट दिसतं. एचडीएमआयची जागा असलेला एमपेग-४ घ्या. बॉक्स घेण्याआधी टीव्हीच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'डीव्हीबी-एस२' लिहिलंय का तेही पाहा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. छत्रीची केबल थेट टीव्हीच्या मागे लावली की बॉक्स लागत नाही, एक रिमोट कमी होतो आणि आजी-आजोबांचा अर्धा गोंधळ मिटतो.

आता छत्री. सगळ्यात जास्त बिघाड इथे होतात, आणि गच्चीवर दहा मिनिटांत काम उरकून खाली येणारा माणूस ते करून जातो.

दिशा आग्नेय. होकायंत्रावर मुंबईहून १३१ अंश, पुण्याहून १३२, कोल्हापूरहून १२९, छत्रपती संभाजीनगरहून १३६, नागपूरहून १४४ ते १४५ आणि पणजीहून १२७. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक नगण्य आहे, त्यामुळे मोबाइलचं होकायंत्र चालतं. पण पत्र्याच्या शेडवर किंवा पाण्याच्या टाकीच्या लोखंडी कठड्याला टेकून मोजलं तर ते वीस-वीस अंश चुकतं. चार पावलं बाजूला उभं राहून मोजा, समोरच्या एखाद्या खांबाची किंवा इमारतीची खूण धरा आणि छत्री त्या खुणेकडे वळवा. आकाशातली उंची मुंबईत सुमारे साडेसत्तावन्न अंश, पुण्यात आणि संभाजीनगरात ५९, नागपूर-कोल्हापुरात ६०, पणजीत ६१. एवढी उंची म्हणजे समोरच्या झाडाची फार काळजी नको. छत्रीपासून १० फुटांवरचं झाड छत्रीपेक्षा १६ फुटांहून उंच असेल तरच आड येतं. उलट फ्लॅटच्या गॅलरीत हीच उंची नडते, कारण वरच्या मजल्याचा स्लॅब आड येतो. छत्रीच्या ५ फूट वर स्लॅब असेल तर छत्री स्लॅबच्या बाहेरच्या कडेपासून अडीच फुटांच्या आतच हवी. गॅलरीचं तोंड वायव्येला असेल तर नाद सोडा आणि सोसायटीकडे गच्चीची परवानगी मागा.

आपल्याकडच्या ६० सेंटिमीटरच्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे किरण मधोमध न येता तिरके पडून एलएनबीकडे जातात. त्यामुळे छत्री ५९ अंशांनी आकाशाकडे तोंड करून झोपलेली दिसत नाही. ती बरीच उभी, उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंश मागे रेललेली दिसते. ती 'जास्तच सरळ उभी आहे' असं वाटून लोक मागे ढकलतात आणि सिग्नल घालवतात. मागच्या पट्टीवर अंशांच्या खुणा असतील तर त्यांवर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नको. खांब मात्र ओळंब्यात हवा. खांबच कलता असेल तर खुणांना अर्थ राहत नाही.

बारकाईचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब देतो. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची कड ५ मिलिमीटर सरकली की रोख एक अंशानं बदलतो, आणि दीड अंश चुकला की सिग्नल निम्मा होतो. म्हणून बोल्ट अर्धवट आवळून, कड बोटांनी हलकेच ढकलत, प्रत्येक ढकलण्यानंतर तीन-चार सेकंद थांबून मीटर वाचायचा. बॉक्सला आकडा दाखवायला तेवढा वेळ लागतो. न थांबता छत्री फिरवत राहिलात तर बरोबर जागा ओलांडून पुढे जाल. खाली टीव्हीपाशी एक जण आणि वर एक जण, फोन स्पीकरवर, ही पद्धत उत्तम.

बॉक्सच्या मेनूत उपग्रह जीसॅट-१५ निवडा. काही बॉक्सांत त्याच जागी इन्सॅट-४बी असं जुनं नाव असतं. एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल ९७५०/१०६००, एलएनबी पॉवर ऑटो किंवा १३/१८, डायसेक बंद. फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० ठेवून मीटर बघा. पट्ट्या दोन असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ फसवी आहे. एलएनबीला वीज मिळाली की छत्री भिंतीकडे वळवलेली असली तरी ती ६०-७० दाखवते. बघायची ती क्वालिटी. ती ३०-३५ वर असतानाही कोरड्या हवेत चित्र दिसतं आणि बसवणारा पैसे घेऊन जातो. पहिल्या पावसात चित्राचे चौकोन होतात. क्वालिटी ७० च्या आसपास येईपर्यंत त्याला गच्चीवरून उतरू देऊ नका.

क्वालिटी अडकून बसते त्याचं नेहमीचं कारण एलएनबीचा पीळ. उपग्रह आपल्या थेट दक्षिणेला नसून आग्नेयेला असल्यानं त्याच्या लहरी आपल्याकडे तिरक्या येतात, म्हणून एलएनबीही तिरकी बसवावी लागते. केबलचा सांधा सरळ खाली, ही सुरुवातीची जागा धरा. छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं, तर तिथून एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेला मुंबई-पुण्यात सुमारे ४५ अंश, नागपुरात ३३ आणि पणजीत ५० अंश वळवायची. छत्रीच्या समोरून पाहिलं तर हीच दिशा घड्याळाच्या काट्यांची दिसते. तिथून दोन्हीकडे थोडी-थोडी वळवत सर्वांत चांगल्या क्वालिटीवर क्लँप आवळा. सांधा खाली ठेवला की दिसायला नीटनेटकं दिसतं आणि पाणी शिरत नाही, म्हणून बरेच जण तो तसाच सोडतात. मुंबई-पुण्यात तर अशा जोडणीत उभ्या आणि आडव्या लहरी एकमेकींत मिसळतात.

दुसरी हमखास चूक चुकीचा उपग्रह धरण्याची. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर आहे, म्हणजे फ्री डिशच्या शेजारी. छत्रीच्या कडेला हा फरक जेमतेम आठ मिलिमीटरचा. स्ट्रेंग्थ जोरात, पण ११०९० या फ्रिक्वेन्सीवर क्वालिटी शून्य, किंवा वाहिन्या सापडल्या तरी कुलूपबंद, असं दिसलं तर छत्री किंचित पूर्वेकडे गेली आहे. ती पश्चिमेकडे आणा. म्हणजे छत्रीमागे उभं राहिलात तर उजवीकडे. जुनी खासगी डीटीएचची छत्री घरी पडून असेल तर ती वापरायला हरकत नाही. टाटा प्लेची ८३ अंशांकडे आणि एअरटेलची १०८.२ अंशांकडे रोखलेली असते, तेवढी वळवावी लागते. सन डायरेक्ट असेल तर तीही ९३.५ वरच, बहुधा हलवावीही लागत नाही. एलएनबी मात्र नवी युनिव्हर्सलच लावा. दीडशे-दोनशे रुपयांचा प्रश्न असतो.

केबल आरजी-६, शक्यतो तांब्याच्या तारेची, आणि ३० मीटरच्या आत. एलएनबीजवळचा एफ-कनेक्टर नीट वळवून बसवा. आतली तार त्याच्या तोंडाच्या दोन-तीन मिलिमीटर पुढे असावी आणि जाळीचा एकही धागा तिला टेकता कामा नये. टेकला तर बॉक्स 'एलएनबी शॉर्ट' दाखवतो किंवा सारखा बंद-चालू होतो. कनेक्टरवर रबरी टोपी चढवा, वरून स्वयंचिकट रबर टेप गुंडाळा. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल आणि केबलवरून भिंतीत जाणार नाही. पावसाळ्यात सकाळी चित्र नाही, दुपारी ऊन पडल्यावर येतं, असं होत असेल तर दोष उपग्रहाचा नाही. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आहे.

मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं चित्र जाणं मात्र टळत नाही. या लहरींची लांबी अडीच-तीन सेंटिमीटर, आणि पावसाचे मोठे थेंब त्यांना शोषतात आणि विखरतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर हा त्रास जास्त, म्हणून तिथे ९० सेंटिमीटरची छत्री घ्यावी. तिचं क्षेत्रफळ ६० वालीच्या सव्वादोनपट असतं, तेवढा जास्त सिग्नल गोळा होतो आणि पावसात चित्र बराच वेळ तग धरतं. पण वाराही तेवढाच जास्त अंगावर घेते. पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसवायची ही छत्री नव्हे. काँक्रीटमध्ये अँकर बोल्ट मारा आणि पावसाळ्याआधी चारही नट पुन्हा आवळा. विजा चमकू लागल्या की बॉक्सची पिन आणि केबल दोन्ही काढा. नुसतं रिमोटवरून बंद करून भागत नाही.

बसवून झालं की घरातल्या वापराची व्यवस्था लावा. साध्या बॉक्सवर वाहिन्यांचे क्रमांक स्कॅनच्या क्रमानं पडतात, त्यामुळे पुन्हा स्कॅन केलं की आजोबांची ४३ नंबरची सह्याद्री ६१ वर जाते आणि घरात हाकाटी सुरू होते. यावर उपाय एकच, आवडीची यादी. सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स, दोन मराठी सिनेमांच्या वाहिन्या आणि एखादी भक्तिसंगीताची, एवढ्या यादीत टाका आणि रिमोटवरचं 'फेव' बटण दाबायला शिकवा. दीडशे वाहिन्यांतून वर-खाली फिरण्यापेक्षा सहांतून फिरणं सोपं. रात्री उशिरा लागणाऱ्या औषधांच्या आणि ताईत-यंत्रांच्या जाहिरातींच्या वाहिन्या इथे पुष्कळ आहेत. त्या सरळ यादीतून वगळा किंवा पालक-कुलूप लावा. कुलपाचा मूळ आकडा बहुतेक बॉक्सांत ०००० असतो, तो आधी बदला. सगळ्यांचे चेहरे फुगीर दिसत असतील तर चार-तीनचं चौकोनी चित्र सोळा-नऊच्या रुंद पडद्यावर ताणलं जातंय. बॉक्सच्या मेनूत चित्राचा आकार 'लेटरबॉक्स' किंवा 'ऑटो' करा.

दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लिलावानंतरचे बदल होतात, तेव्हा जुन्या जागा काळ्या पडतात. 'वाहिनी गेली' म्हणून बसवणाऱ्याला बोलावून दोनशे रुपये देऊ नका. सगळ्या वाहिन्या पुसा, ब्लाइंड स्कॅन लावा (यात बॉक्स सगळ्या वाहिन्या आपणहून शोधतो), पाच-सात मिनिटं थांबा आणि आवडीची यादी पुन्हा भरा. वर्षाच्या मध्ये लिलाव झाला तर हेच पुन्हा.

दोन खोल्यांत दोन टीव्ही असतील तर एकाच केबलला साधा स्प्लिटर लावून भागवू नका. एलएनबीला व्हर्टिकल लहरींसाठी १३ आणि हॉरिझॉन्टलसाठी १८ व्होल्ट लागतात. दोन बॉक्स वेगवेगळी मागणी करू लागले की एकीकडचं चित्र जातं, आणि भांडण मात्र रिमोटवरून होतं. दोन तोंडांची ट्विन एलएनबी घ्या आणि दोन स्वतंत्र केबली टाका. दुसरा टीव्ही फक्त अधूनमधून सह्याद्री किंवा डीडी न्यूज बघण्यापुरता असेल आणि घरात वायफाय असेल, तर तेवढाही खर्च नको. प्रसार भारतीचं 'वेव्हज' हे ॲप, जे नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फी या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात.